राहत असल्याचा पुरावा

आई गेल्यावर दहाव्या आठवड्यात कोर्टाचा माणूस नोटीस घेऊन आला. मी दार उघडलं. त्याने आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"या घरात कोण राहतं?"

"मी राहते."

"इथे तर लिहिलंय, कोणी राहत नाही."

"मग तुम्ही बोलताय कोणाशी?"

तो हसला नाही. सही घेतली आणि कठड्याला हात न लावता खाली उतरून गेला. आमच्या जिन्याच्या कठड्यावर कायम धूळ असते. नवख्या माणसालाही ते पहिल्या पायरीवर कळतं.

नोटीस मुन्तसिरची होती. त्याचे वडील हाजी शुक्री आमचे घरमालक. आमच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर राहायचे. ते तीन वर्षांपूर्वी वारले आणि घर मुन्तसिरकडे आलं. मुन्तसिरचं म्हणणं सरळ होतं: दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू, नर्स फौकिया, मयत झाल्या. मरतेसमयी त्यांच्याबरोबर कोणी राहत नव्हतं. सबब करार संपला, जागा मोकळी करून मिळावी.

आमच्या या दाहिर भागात आमच्यासारखी जुन्या भाड्याची घरं गल्लोगल्ली आहेत. भाडं एवढं जुनं की मालकाला ते मागायला यायची लाज वाटावी आणि आम्हाला द्यायची. कायदा म्हणतो, भाडेकरू गेला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तीच जागा त्याच कराराने मरेपर्यंत मिळते, आणि तिथे संपते. पण 'बरोबर राहणाऱ्या' एवढ्या दोन शब्दांवर सगळं अडकलेलं आहे. मुलगी असून भागत नाही. राहत होते हे दाखवावं लागतं.

मी त्या घरात जन्मले. एकसष्ट वर्षं तिथे झोपले, उठले. तरी पहिल्या दिवशी नोटीस वाचून मी एवढी घाबरले नाही, जेवढी दुसऱ्या दिवशी मैसाच्या टेबलासमोर बसून घाबरले.

मैसा आमच्या शिक्षक संघटनेची वकील. तिशीची असेल. टेबलावर फायलींच्या मधोमध उकडलेल्या रताळ्याची सालं पडलेली. तिने माझं ओळखपत्र उलटसुलट केलं.

"बाई, यावर बन्हाचा पत्ता आहे."

"बदली बन्हाच्या शाळेत झाली होती. तिथला पत्ता असल्याशिवाय हजर करून घेत नव्हते. मावसबहिणीचा दिला. मी रोज गाडीने जायचे आणि यायचे."

"किती वर्षं?"

"अकरा."

"आणि नंतर बदलून नाही घेतला?"

"राहून गेलं."

"विजेचं बिल?"

"आईच्या नावाने."

"टेलिफोन?"

"आईच्या."

"औषधांची पुस्तिका, पासबुक, शाळेचं एखादं पत्र?"

"पत्रं शाळेतच हातात द्यायचे. पासबुक बन्हाच्या शाखेचं."

मैसाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे कागदावर तुम्ही बन्हाला राहता. दाहिरमध्ये राहतात तुमच्या आई, एकट्या."

"शेवटची सात वर्षं आई अंथरुणावरून उठली नाही. तिला भरवत कोण होतं, असं विचारा त्यांना."

"मी नाही, न्यायाधीश विचारतील. आणि उत्तर तुमचं चालणार नाही, दुसऱ्या कोणाचं तरी हवं. दोन साक्षीदार आणा. इनायत बाई तिथे आईबरोबर राहत होत्या, आम्ही डोळ्यांनी बघितलं, एवढं सांगणारे. सोपं आहे."

मीही म्हटलं, सोपं आहे.

घरी येऊन वही घेतली आणि नावं लिहायला बसले. भूगोल शिकवताना मी मुलींना सांगायचे, नकाशा काढण्याआधी माहीत असलेली गावं लिहून काढा. तशी माणसं लिहायला लागले. तिसरा मजला एका कंपनीच्या गोदामाला दिलेला, तिथे खोकी राहतात. चौथ्या मजल्यावरचं कुटुंब कॅनडाला गेलं त्याला वीस वर्षं झाली. समोरच्या गच्चीवरची शिवणकाम करणारी वारली. शाळेतल्या बायका माझ्या घरी कधी आल्या नव्हत्या. आईला लोक आलेले सोसायचे नाहीत, म्हणून मी बोलवत नसे. पुढे कोणी विचारेनासं झालं, आणि मी त्यालाच सोय समजले. आईच्या मयताला आलेले सगळे माझ्या भावाचे, रिफअतचे, मित्र होते. रिफअत कुवेतहून तीन दिवस आला होता. त्याला फोन केला, तर म्हणाला, "मला सुट्टी नाही मिळायची आता. आणि सख्ख्या भावाची साक्ष कितीशी धरतील? कोणी शेजारी नाही का, इनायत?"

अर्ध्या तासाने वहीवर दोनच नावं होती.

पहिलं नाव डॉक्टर नबीह यांचं, आमच्या घराखालच्या औषधाच्या दुकानाचे. आईचं इन्शुलिन मी त्यांच्याकडून न्यायचे. दुकानात गर्दी नाही असं बघून गेले. त्यांनी सगळं ऐकलं. मग दाराजवळ जाऊन 'बंद आहे'ची पाटी फिरवली आणि आत येऊन स्टुलावर बसले.

"बाई, मी तुम्हाला रोज बघितलंय. सकाळी जाताना, दुपारी येताना. वर्षानुवर्षं."

"मग एवढंच सांगायचं."

"नाही सांगणार." ते काउंटरकडे बघत बोलले. "हे दुकानही याच घरात आहे. वडिलांच्या नावावरून माझ्या नावावर आलं, ते कायद्याने. माझ्यानंतर माझ्या मुलाला, बिशॉयला मिळणार नाही, म्हणजे मुन्तसिरने मनात आणलं तरच मिळेल. परवाच तो म्हणाला, बिशॉयशी नवा करार करू, बसून बोलू. मी तुमच्या बाजूने उभा राहिलो की ते बोलणं संपलं."

"तो म्हणाला तसं?"

"म्हणायला कशाला हवं?"

मला राग यायला हवा होता. पण त्यांनी खोटं कारण दिलं असतं तर जास्त लागलं असतं. मी उठले. त्यांनी पाटी फिरवली आणि म्हणाले, "तब्येत सांभाळा," जसं गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.

दुसरं नाव सनूसी काकांचं. एकतीस वर्षं ते आमच्या घराचे दारवान होते. जिन्याखालच्या खोलीत राहायचे, सगळ्यांची रोटी-भाजी आणून द्यायचे. गुडघे गेले तसे ते आपल्या गावी परतले, दूर दक्षिणेत सोहागकडे, तिमाच्या पुढे. पत्ता आईच्या जुन्या डायरीत होता. फोन लागेना. जूनमध्ये मी रामसेस स्टेशनवरून सकाळची गाडी पकडली. गाडीत शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "माहेरी चाललात?" मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं.

गाव शोधायला वेळ लागला नाही. सनूसी काकांचं नाव घेतलं की लोक बोट दाखवत होते. ते ओट्यावर बसले होते, उन्हाकडे पाठ करून. केस पांढरे झालेले, पण बसणं तसंच, एक पाय खाली सोडलेला, कोणी हाक मारली तर उठायला तयार. सुना धावत आल्या. चहा आला, मग बदकाचं कालवण आलं, न खाता बोलायची सोय नव्हती.

"दाहिरहून आलीस," ते खूश होऊन म्हणाले. "कोणाची गं तू?"

"फौकियाची. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सची."

"उम्म रिफअत, रिफअतची आई. वा. बाई चोख होती. मला सुई तीच टोचायची. रिफअत कसा आहे? खोडकर होता, लिफ्टचं दार धरून ठेवायचा."

"बरा आहे. कुवेतला असतो."

"आणि त्याची बहीण होती एक. शाळेत जायची." त्यांनी कपाळ चोळलं. "ती लग्न होऊन गेली ना?"

सून माझ्या ताटात भात वाढत होती. मी तिचा हात थांबवला, "पुरे," म्हटलं.

"काका, ती बहीण मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. तोंडावरून नजर खाली आली, हातांवर, पिशवीवर, परत तोंडावर. मी एकतीस वर्षं त्या माणसाला रोज दोनदा सलाम केला होता. ईदला त्यांच्या पोरांसाठी बिस्किटं दिली होती. त्यांना जिना आठवत होता, सुई आठवत होती, लिफ्टचं दार आठवत होतं.

"हो हो," ते म्हणाले, "तूच ती. आठवलं." त्यांना आठवलं नव्हतं, ते आम्हा दोघांनाही दिसत होतं.

मी आले होते कशासाठी ते सांगितलं. ते लगेच म्हणाले, "एवढंच ना? येतो. मुलगा घेऊन येईल मला. काय बोलायचं ते तू सांग, मी बोलतो. कुराणावर हात ठेवून बोलतो."

"तुम्हाला आठवत नाही, काका."

"तू सांगतेस ना? नर्सची पोर खोटं कशाला बोलेल?"

तेव्हा मी हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. मैसाही पुढे तेच म्हणाली, जरा चिडून. पण माझी जीभ रेटेना. गोष्ट खरी होती. पण त्यांच्या तोंडून ती शपथ खोटी झाली असती, आणि ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला माझ्यासाठी ते ओझं द्यायला मी त्याची कोण होते? त्यांना मी आठवतही नव्हते.

"बघू, काका. लागलं तर कळवते," मी म्हटलं.

त्यांनी पोराला माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत पाठवलं. परतीच्या गाडीत खिडकीच्या काचेत माझंच तोंड दिसत होतं, मागे उसाची शेतं पळत होती. मी विचार करत होते, की मुन्तसिर कदाचित खोटं बोलत नसेल. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, नस्र सिटीला, आजोळी वाढला, लग्न तिकडेच झालं. महिन्यातून एकदा बापाला भेटायला यायचा. त्याला मी कधी दिसले नसेन. जी कोणालाच दिसली नाही ती त्याला कशी दिसावी?

मैसाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुमच्याकडे कोणी येत नाही. तुम्ही कोणाकडे जात नाही. बरं. तुमचं कोणाशी भांडण झालंय कधी?"

"भांडण?"

"भांडणाला पत्ता लागतो. कोणी तुमच्यावर ओरडलं, तक्रार केली, पोलिसात गेलं, असं काही?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला हाजी शुक्री आठवले.

आमच्यात वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. जिन्यात भेटलो तर ते भिंतीकडे सरकायचे, मी कठड्याकडे. एकदा त्यांनी तक्रार केली म्हणून मला ठाण्यात बोलावलं होतं. मांजरांवरून. मी मधल्या वळणावर मांजरांना भात घालायचे. ठाण्यातल्या अधिकाऱ्याने मला बसायला खुर्ची दिली, समजुतीचे दोन शब्द सांगितले आणि सोडून दिलं. त्या दिवशी मी लाजेने जेवले नव्हते. आईलाही सांगितलं नव्हतं. हाजी वारले तेव्हा खाली मंडप घातला होता, कुराण पठण चाललं होतं, आणि मी दार लावून आत बसले होते, भेटायला गेले नाही.

"वर्ष कोणतं?" मैसाने विचारलं. ती आधीच उभी राहिली होती.

ठाण्यातल्या त्या तक्रारीची नक्कल मिळायला सहा आठवडे लागले. दफ्तर तळघरात होतं, तिथला कारकून म्हणायचा, उद्या. मी रोज जायचे. रोज जाऊन बसायला एक जागा झाली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. सातव्या आठवड्याच्या सुरुवातीला त्याने धूळ झटकून तीन कागद पुढे केले. मी ते तिथेच, बाकावर बसून वाचले.

जबाब हाजी शुक्रींच्या तोंडचा होता, हवालदाराने लिहून घेतलेला.

"मी शुक्री अब्दुल-बाकी, घरमालक, राहणार पहिला मजला. माझ्या वरच्या जागेत भाडेकरू नर्स फौकिया व तिची अविवाहित मुलगी इनायत, धंदा शिक्षिका, राहतात. सदर मुलगी सकाळी सहाला निघते व दुपारी सव्वातीनला परत येते. गाडीला उशीर असल्यास चार. आल्यावर चप्पल न काढता प्रथम स्वयंपाकघरात जाते. नंतर आईची खुर्ची गॅलरीत ओढत नेते, त्याचा आवाज माझ्या डोक्यावर होतो. खुर्ची मगरिबच्या अजानीनंतर परत आत येते. शुक्रवारी मुलगी बाहेर जात नाही. शुक्रवारी ती कपडे धुते व आईला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवते, ते मला खाली ऐकू येतं. जिन्याच्या वळणावर ती चार मांजरांना जेवण घालते, त्यामुळे घाण होते व माझा पाय घसरला. मुलगी सुशिक्षित असून दोनदा सांगून ऐकलं नाही. तिच्याकडे कोणी येत-जात नसल्याने तिच्या कोणा वडीलधाऱ्याला सांगता आलं नाही. म्हणून ठाण्यात आलो आहे."

खाली त्यांची सही, थरथरत्या हाताची. मी तो कागद किती वेळा वाचला कोण जाणे. कारकुनाने दोनदा विचारलं, बरोबर आहे का सगळं. मी म्हटलं, बरोबर आहे. एक शब्द चुकलेला नाही.

माझ्याबद्दल एवढं कोणी कधी लिहिलं नव्हतं. ज्यांना मी सलाम केले, बिस्किटं दिली, ज्यांच्या मुली शिकवल्या, त्यांच्यातल्या कोणाला माझी सव्वातीनची वेळ माहीत नव्हती. ती माहीत होती त्या एकट्या विधुराला, जो खाली छताकडे बघत बसायचा आणि ज्याला मी 'म्हातारा' म्हणायचे.

कोर्टात मैसाने तो जबाब मोठ्याने वाचला. मुन्तसिर समोरच्या बाकावर बसला होता, त्याच्या वकिलाच्या मागे. सुरुवातीला तो मोबाइलमध्ये बघत होता. बापाचं नाव आलं तसा त्याने मोबाइल खिशात ठेवला. वर्तमानपत्राची ओळ आली तेव्हा त्याने मान खाली घातली आणि शेवटपर्यंत वर केली नाही. त्याचा वकील उठून म्हणाला, हा कागद आठ वर्षं जुना आहे, बाई नंतर निघून गेल्या असतील. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "अंथरुणावरच्या आईला टाकून?" मग मैसाने इस्पितळाची कागदपत्रं जोडली, ज्यात घरी भेट देणाऱ्या नर्सने 'रुग्णाची मुलगी हजर' असं अकरा वेळा लिहिलं होतं. नाव लिहिलं नव्हतं. पण आता ती मुलगी कोण ते कोर्टाला माहीत होतं.

निकाल जानेवारीत लागला. दावा फेटाळला. करार माझ्या नावाने पुढे चालू.

चार दिवसांनी दार वाजलं. मुन्तसिर होता. हातात काही नव्हतं, बरोबर कोणी नव्हतं.

"आत ये," मी म्हटलं.

तो आला, पण खुर्चीच्या कडेवर बसला. मी पुदिन्याचा चहा केला. त्याने सगळीकडे बघून घेतलं, बारकाईने नव्हे, नुसतं. हे घर त्याचं होतं आणि तो त्यात पहिल्यांदा बसला होता.

"तुम्हाला वाटत असेल मी वाईट माणूस आहे," तो म्हणाला. "माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. बापाचं पाच मजल्यांचं घर, आणि मला पोरीला द्यायला त्यात एक खोली नाही. खाली वडिलांच्या जागेत छत गळतंय. एवढ्या भाड्यात छत कोणत्या बापाने दुरुस्त करावं?"

"मला तू वाईट वाटत नाहीस."

"मला खरंच वाटलं तुम्ही बन्हाला असता. चौकशी केली, तर कोणालाच माहीत नव्हतं."

"मलाही तेच कळलं," मी म्हटलं.

तो थोडा वेळ चहा ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

"त्या जबाबाची एक प्रत मिळेल का?"

"अपिलासाठी?"

"नाही." त्याला पुढे बोलायला अवघड जात होतं. "वडील माझ्याशी फोनवर दोन मिनिटं बोलायचे. तब्येत कशी, बरी आहे, मुलं कशी, बरी आहेत. दिवसभर काय करतात, मी कधी विचारलं नाही. कोर्टात ऐकलं तेव्हा..." त्याने पेला खाली ठेवला. "त्यांच्या बोलण्यातलं माझ्याकडे दुसरं काही नाही."

माझ्याकडे दोन प्रती होत्या. एक शिक्क्याची होती, तीच दिली. देताना म्हटलं, "ते गेले तेव्हा मी खाली आले नाही. यायला हवं होतं."

"तुमच्यावर तक्रार करणाऱ्याच्या मयताला कोण येतं?"

"तरी."

तो उठला. दारात थांबून कागदाची घडी उलगडली, पुन्हा घातली. मी म्हटलं, "माझ्यामागे कोणी नाही, मुन्तसिर. मी गेले की ही जागा तुझीच आहे. थोडं थांबावं लागेल एवढंच."

"अल्ला तुम्हाला मोठं आयुष्य देवो," तो म्हणाला. म्हणायचीच पद्धत आहे. पण म्हणून झाल्यावर तो ओशाळला, मीही ओशाळले.

अपिलाला चाळीस दिवस असतात. मी कॅलेंडरवर खुणा केल्या नाहीत, पण मोजत होते. एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी मैसाचा फोन आला, तेव्हा मी भट्टीपुढे रोटीच्या रांगेत होते.

"नाही केलं त्याने," ती म्हणाली. "संपलं, बाई. घर तुमचं. आता मजेत राहा." तिची दुसरी सुनावणी होती, फोन ठेवला.

मी मोबाइल पिशवीत टाकला. कोणाला तरी सांगावंसं वाटलं. रिफअत कामावर असणार. पुढे एक बाई उभी होती, डोक्यावर काळा रुमाल, हातात रोटी पसरून ठेवायची जाळी. मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"माझं घर राहिलं," मी तिला म्हटलं.

तिने मागे वळून बघितलं. कोण आहे, ओळखीची आहे का, हे तिच्या डोळ्यांत येऊन गेलं. मग ती म्हणाली, "मुबारक हो, बहीण. कुठे आहे घर?"

"इथेच. पलीकडच्या गल्लीत. औषधाच्या दुकानावर, दुसरा मजला."

"हो का," ती म्हणाली. "मी तर बाजूच्याच गल्लीत राहते, पंचवीस वर्षं झाली. तुम्ही नवीन आलात वाटतं."

रांग पुढे सरकली. ती पुढे गेली, तिच्यामागे मी.